योआखिम यांच्या तबकड्या
१. योझेफ योआखिम (१८३१–१९०७) यांनी ब्राम्स यांच्या व्हायोलिन कन्चेर्तोचे पहिले जाहीर वादन १८७९ साली लाइपझिगमध्ये केले होते. त्यांच्या वादनाच्या तबकड्यांच्या पाचच बाजू १९०३ मध्ये बर्लिन येथे मुद्रित झाल्या. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते आणि मायक्रोफोनचा वापर रूढ झालेला नसल्याने कर्ण्यासमोर वाजवावे लागे, त्यामुळे नादाची गोलाई मुद्रणात पुरेशी उतरलेली नाही. तथापि बाखच्या जी मायनर सोनाटातील अदाजिओ, म्हणजे विलंबित भाग, ऐकताना व्हायब्रातो (बोटाच्या हालचालीने स्वराला दिलेला कंप) अलंकारापुरताच राखल्याचे आणि पोर्तामेंतो (मींडेप्रमाणे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) मोकळेपणाने योजल्याचे स्पष्ट जाणवते. म्हणून या तबकड्यांवरून त्यांच्या नादाची पारख न करता एकोणिसाव्या शतकातील वादनशैलीचा पुरावा म्हणूनच त्या ऐकाव्यात.