भांग
भांग : कॅनाबिस वनस्पतीच्या पानांपासून बनणारा, वर्तनावर परिणाम करणारा मादक पदार्थ (पहा : गांजा, चरस). वाराणसीत महाशिवरात्र व होळीला ती ठंडाईतून घेतात. तिची परवानाधारक दुकानेही तेथे आहेत. कारण १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये अधिनियमातील गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याच्या शेंड्यांविना असलेली पाने वगळली आहेत.

भांगेतील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) १९६४ मध्ये मेखूलाम व गाओनी या संशोधकांनी वेगळे केले. ते मेंदूतील सीबी-१ ग्राहींवर कार्य करते. १९९२ मध्ये आढळलेले, शरीरातच तयार होणारे आनंदामाइड हे द्रव्यही त्याच ग्राहींवर कार्य करते. म्हणजे भांग नवे वर्तन घडवत नाही, असलेल्या नियंत्रणात ढवळाढवळ करते : चेतापेशींतील संदेशवहन मंदावते, कालभान व अल्पकालीन स्मृती बिघडते, भूक वाढते. तसे असेल तर प्रत्येकाचा अनुभव वेगळा का, हा आक्षेप रास्त आहे. पण मात्रा, सवय, मनःस्थिती व सेवनाचा मार्ग हे सारे त्याच यंत्रणेवर परिणाम करतात. पोटातून घेतलेल्या भांगेचा अंमल बहुधा अर्ध्या ते दोन तासांनी चढतो, आणि यकृतात टीएचसीपासून आणखी एक प्रभावी द्रव्य तयार होते. त्यामुळे घाईने घेतलेला दुसरा पेला भीती, संभ्रम व धडधड आणू शकतो. पानांत गांजापेक्षा टीएचसी कमी, म्हणून भांग निरुपद्रवी, हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो (पहा : चेतापारेषक, व्यसन).