नाणेघाटातलं पाणी कुणाचं?

पावसाळा लागला की मला ठरलेला फोन येतो. "पत्रकार, रविवारी कुठं जायचं सांगा. सकाळी निघून संध्याकाळी घरी आलो पाहिजे." मी दरवेळी एकच उत्तर देतो, नाणेघाट. जुन्नरहून तीस-पस्तीस किलोमीटर. वाटेत चावंड किल्ला लागतो, माणिकडोहचं पाणी दिसतं, वेळ असला तर पूरला थांबून कुकडेश्वराचं देऊळ बघता येतं. घाटघर गेलं की पुढे कडा आणि खाली कोकण. वीस वर्षं बातमीदारी करतोय, या रस्त्यावर किती वेळा गेलो त्याचा हिशेब नाही.

परवाच्या रविवारीही गेलो. गर्दी एवढी की गाडी लावायला अर्धा तास. गाडी लावायचे पैसे घेतले, पावती मागितली तर "साहेब, पावतीबुक संपलं." असो, मुद्दा तो नाही.

नाणेघाट म्हटलं की लोकांना दोन गोष्टी माहीत असतात. एक, वाऱ्यानं उलटा उडणारा धबधबा. दुसरा, दगडी रांजण. हा रांजण जकातीचा, व्यापारी त्यात नाणी टाकायचे, म्हणून नाणेघाट, असं पोरासोरांनाही पाठ आहे. असेलही तसं. पण गुहेतला मोठा शिलालेख उभा-आडवा वाचला तर त्यात जकातीचा विषयच नाही. तो आहे सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. तिच्या घराण्यानं कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली याची ती यादी आहे. सतराशे गाई, दहा हत्ती, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. आमच्याकडे लग्नातला आहेर वहीत लिहितात तसा हा राजघराण्याचा आहेर दगडात लिहिलाय. आकडे शब्दांत न लिहिता चिन्हांत कोरलेत, दोनासाठी दोन आडव्या रेघा. भारतातल्या अंकांच्या सगळ्यांत जुन्या नमुन्यांत हे अंक मोजतात. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या लेखांवर काम केलं. शाळेत गणिताच्या तासाला हे कुणी सांगितलं असतं तर माझे मार्क कदाचित वाढले असते.

त्याच गुहेत मागच्या भिंतीला राजघराण्याचे पुतळे होते. वर नावं कोरलेली आहेत, सिमुक, नागनिका, सातकर्णी. पुतळे फुटले, आता जेमतेम पायांच्या खुणा राहिल्यात.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो दुसरा एक लेख. अगदी छोटा, एका टाक्यावरचा. त्यात एवढंच आहे की सोपाऱ्याच्या गोविंददासानं ही 'पोढी' दान दिली. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, तेव्हाचं मोठं बंदर. तिथून आणि कल्याणहून माल निघायचा, हा घाट चढायचा, जुन्नरमार्गे पैठणकडे जायचा. चढ दमछाक करणारा. आजही वैशाखऱ्याहून चढणाऱ्याला दोन-तीन तास सहज लागतात. समुद्रकाठच्या कुणा माणसानं, आपल्याला आयुष्यात न दिसणाऱ्या वाटसरूंसाठी, इथं कातळ खोदून पाण्याची सोय केली. गाई-हत्ती नाहीत, पदवी नाही. नाव, गाव आणि टाकं, एवढंच.

ही वाट पुढे फार काळ चालती होती. सतराव्या शतकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुघल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरला आला होता, तो परत उतरला याच घाटानं आणि वाटेत त्याला मिठाचे बैल लागले. नंतर १८३० ला बोर घाटात गाडीरस्ता झाला, १८६३ ला तिथूनच रेल्वे चढली, १८६५ ला थळ घाटातून. मालाला सोपी वाट मिळाली आणि आमचा घाट ओस पडला. जुन्नरची पेठ बसली त्याला हेही एक कारण, असं माझं मत आहे.

आता गर्दी परत आलीय, माल नाही, माणसं. २०१८ ला शासनानं जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर केला. आनंदच झाला होता, बातमी मीच आठ कॉलम लावली होती. परवा मात्र आमच्यासोबतच्या बायकांना आडोसा शोधत हिंडावं लागलं. एवढी गर्दी येते, तिची सोय काय? की पावसाळा आला की बंदीचा आदेश काढायचा आणि मोकळं व्हायचं? रांजणाची गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण त्यात वसुली आहे. टाक्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

एका टाक्यापाशी पोरांचा घोळका बसला होता. एकानं कोल्ड्रिंकची बाटली पाण्यात भिरकावली. आधीच्या चार तरंगतच होत्या. मी विचारलं, "कुठले रे तुम्ही?"

"नालासोपारा, काका."

मला हसूच आलं. पोरं दचकली. मग त्यांना गोविंददासाचं सगळं सांगितलं. "आमच्या नालासोपाऱ्याचा? खरंच?" एक जण मोबाईलवर शोधायला लागला, तर रेंज नाही. बाटली टाकणारा काही बोलला नाही, पँट वर करून काठाला वाकला आणि लांबच्या काठीनं बाटल्या ओढायला लागला. तीन निघाल्या, दोन आत सरकल्या.

शेजारी कणसं भाजणाऱ्या मावशी हे ऐकत होत्या. त्या चहाचं पाणी घरून हंड्यानं आणतात. म्हणाल्या, "आम्ही लहानपणी ह्याच टाक्यांचं प्यायचो की. कुणी खोदलं म्हणालात?"

"गोविंददास. सोपाऱ्याचा."

"मग पोरांना म्हणावं, दोन राहिल्यात त्या पण काढा."