अब्बांचे चौकोन आणि गोवळकोंड्याचं चित्र

चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी कविता लिहिणारा माणूस. पण चित्रं पाहायची सवय मला लहानपणीच लागली, ती अब्बांमुळे.

अब्बा पाट्या रंगवायचे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात किराणा दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. गणपतीत देखाव्याचे पडदे आणि शिवजयंतीला महाराजांचं मोठं चित्र, ही वर्षाची ठरलेली कामं. मांजरपाट ताणून बसवायचा, त्यावर सरस आणि खडूची भुकटी फिरवायची. मग नमुन्याच्या लहान चित्रावर चौकोन आखायचे, तेवढेच मोठे चौकोन पडद्यावर आखायचे आणि एकेक चौकोन भरत जायचं. चौकोन आखायचं काम माझ्याकडे असे.

नमुने म्हणजे जुनी कॅलेंडरं आणि राजा रविवर्म्याच्या छापील तसबिरी. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यातली चित्रं त्या छापखान्यामुळे गरिबाच्या भिंतीवर आली. आमच्या घरीही ती होती, पण कामाची वस्तू म्हणून, ट्रंकेत गुंडाळून ठेवलेली.

एकदा अब्बा मला औंधला घेऊन गेले. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी 1938 साली तिथल्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. तिथे रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आहे. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी. कीचकाकडे जायचा हुकूम झालेला आहे आणि पाय उचलत नाही, तो क्षण. अब्बा त्या चित्रासमोर इतका वेळ उभे राहिले, की मला शेवटची एसटी चुकेल अशी धास्ती वाटली. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, “छापलेल्यात रंग येतो रे, भीती येत नाही.”

मूळ चित्र आणि नक्कल यांतला फरक मला त्या दिवशी कळला. अब्बांना मात्र आपण नुसते नकलाकार, ही गोष्ट तेव्हापासून लागून राहिली असावी.

मग 1993 साल आलं. शिवजयंतीच्या पंधरा दिवस आधी पडद्याचं कापड यायचं, ते आलं नाही. दोन ओळखीची पोरं येऊन म्हणाली, “चाचा, यंदा दुसऱ्याकडून करून घ्यायचं ठरलंय.” कारण त्यांनी सांगितलं नाही, अब्बांनी विचारलं नाही. चहा पाजून पाठवलं. नंतर दोन-तीन वर्षांनी काम परत आलं, पण अब्बांनी हात थरथरतो म्हणून नाही म्हटलं. हात थरथरत नव्हता. पाट्या तर ते रंगवतच होते.

आता तिसरी गोष्ट. माझी थोरली मुलगी नोकरीसाठी नेदरलँड्सला आहे. तिच्याकडे गेलो असताना तिने मला ॲमस्टरडॅमचं राइक्स म्युझियम दाखवलं. तिथे सतराव्या शतकातला दख्खनी चित्रांचा एक संच आहे. ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलस विटसेन याच्याकडे तो होता. हिंदुस्थानातल्या बादशहा, सुलतान, सरदारांच्या लहान लहान तसबिरी, साधारण 1686 च्या सुमारास गोवळकोंड्याला काढलेल्या. त्यांत एक तसबीर शिवाजी महाराजांची आहे.

वहीच्या पानाएवढं चित्र. दाढी, धारदार नाक, डोक्याला पागोटं. लहानपणी ज्या चेहऱ्यावर मी चौकोन आखले, त्याच्या मूळ कुळातला हा चेहरा.

इतिहास असा. महाराज 1677 साली भागानगरला गेले, अबुल हसन कुतुबशहाला भेटले. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं त्या शहरात होती. महाराज 1680 साली गेले. 1687 साली औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला. त्या दिवसांत तिथले चितारी असे संच तयार करत आणि डच, फ्रेंच, इंग्रज व्यापारी ते विकत घेत. या चित्रांवर चिताऱ्यांची नावं नाहीत. बाजारासाठी काढलेलं काम, एकावरून दुसरं. म्हणजे पाट्या रंगवणाऱ्यांचंच भाऊबंद.

एक नाव मात्र उरलं आहे. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी 1665 साली मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत महाराजांना भेटला होता. त्याने पुढे मीर मुहम्मद नावाच्या चिताऱ्याकडून तसबिरींचा संच काढून घेतला. त्यात घोड्यावर बसलेले, सोबत चालते शिपाई असलेले महाराज आहेत. तो संच आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ते चित्र मी पुस्तकातच पाहिलं आहे. आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. शाळेच्या पुस्तकांतून, दिवाळी अंकांतून. खाली चिताऱ्याचं नाव बहुधा छापलेलं नसतं.

त्याच म्युझियममध्ये रेम्ब्राँ आहे. हा एवढा मोठा चित्रकार 1660 च्या आगेमागे मुघल तसबिरी समोर ठेवून त्यांच्या नकला काढत बसला होता. त्यातली दोन डझनांच्या आसपास रेखाटनं आज निरनिराळ्या देशांत जपून ठेवलेली आहेत. हे ऐकून अब्बांना काय वाटलं असतं, हे मी त्या दालनात उभा राहून मनात बोलत होतो. अब्बा 2004 साली गेले. मीर मुहम्मदाचं नाव त्यांच्या कानावर कधी आलं नाही. मला ते माहीत झालं तेव्हा उशीर झाला होता. 1993 साली माहीत असतं, तर त्या दोन पोरांना नव्हे, अब्बांना सांगितलं असतं.

त्या म्युझियमची चित्रं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. मुलीने महाराजांच्या तसबिरीची चांगली प्रत काढून दिली. घरी आल्यावर अब्बांची लाकडी पट्टी शोधली, पेन्सिलीला टोक केलं आणि त्या प्रतीवर चौकोन आखले. अजून ती टेबलावर आहे. त्याच्यापुढचं काम मला येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)