पुण्याचा प्लेग, पिंपरीचे औषध आणि आपल्या बागा

१० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. साथीतील रुग्णांची शुश्रूषा करीत असताना त्यांना संसर्ग झाला होता. प्लेगचा जंतू तेव्हा अज्ञात नव्हता. १८९४ मध्ये यर्सिन यांनी हाँगकाँग येथे तो शोधला होता आणि १८९७ च्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्रतिबंधक लसही सिद्ध केली होती. शत्रूची ओळख पटली होती. परंतु रोग जडल्यावर त्याचा नाश करील असे औषध कोणापाशीही नव्हते.

अडचण मूलभूत होती. जंतूला मारणारे विष माणसालाही मारते. म्हणून जंतूपाशी आहे आणि माणसापाशी नाही, असे मर्मस्थान सापडणे आवश्यक होते. जीवाणू म्हणजे एकच पेशी. तिच्यात आपल्या पेशीप्रमाणे केंद्रक नसते. प्रथिने घडविणारे तिचे रायबोसोम निराळ्या घडणीचे असतात आणि बहुतेक जीवाणूंभोवती एक भक्कम भित्तिका असते, जी आपल्या पेशींना नसते.

१९२८ मध्ये फ्लेमिंग यांना आढळलेले पेनिसिलिन नेमके या भित्तिकेवर आघात करते. अनुकूल स्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबाने एकाचे दहा तासांत शंभर कोटींहून अधिक व्हावेत. वाढताना भित्तिका सतत बांधावी लागते. पेनिसिलिन ते बांधकाम रोखते, पाणी आत शिरते आणि पेशी फुटते.

स्वतंत्र भारताने हे औषध स्वतः निर्माण करावे म्हणून पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तथापि प्लेगच्या जंतूला भित्तिकेबाहेर आणखी एक आवरण असते. तेथे पेनिसिलिन निष्प्रभ ठरते. त्याच्यावर उपाय ठरले ते १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन. ते आत शिरून रायबोसोमचे काम बिघडविते. क्षयरोगावरही ते पहिले प्रभावी औषध ठरले. पुढे पिंपरीतच त्याचे उत्पादन होऊ लागले.

याच औषधाचा धागा आपल्या परिसराशी जुळतो. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण पिंपरीहून ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ या नावाने शेतीसाठी निघाले. लिंबावरील खैऱ्या रोगही जीवाणूंमुळेच होतो. त्यामुळे सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा यांसारख्या संत्र्या-लिंबाच्या मुलखात हे नाव अपरिचित नाही.

येथेच सावध व्हावयास हवे. असंख्य जीवाणूंत एखाद्याच्या घडणीत योगायोगाने बदल झालेला असतो. औषध इतरांना मारते, तो उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. अशी प्रतिकाराची जनुके जीवाणू एकमेकांनाही देतात. बागेतील जीवाणूंकडून ती रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची भीती आहे. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या मिश्रणाचा शेतीतील वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला.

डॉक्टरांना न विचारता घेतलेली गोळी आणि अंदाजाने केलेली फवारणी यांत या दृष्टीने फारसे अंतर नाही. १८९७ च्या पुण्यापाशी औषधच नव्हते. आपल्यापाशी ते आहे. ते निकामी झाले, तर आपल्या नातवंडांना पुन्हा त्याच असहायतेला तोंड द्यावे लागेल.