परदेशी विद्यार्थ्याचे वीस तास

आदिलाबादच्या कापूस बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा तिन्ही भाषा कानांवर पडतात. अलीकडे तेथे भावाच्या गोष्टी संपल्या, की पुष्कळदा मुलांच्या परदेशी शिक्षणाच्या गोष्टी निघतात. कोणी जमीन गहाण टाकलेली असते, कोणी बँकेचे कर्ज काढलेले असते. अशा बापाच्या मनात एक साधा प्रश्न येतो. मुलगा तरुण आहे, राबण्याची त्याची तयारी आहे. मग अमेरिकेत त्याला आठवड्यात वीसच तास काम करण्याची मुभा का? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

आदिलाबादहून पैनगंगा ओलांडून नागपूरच्या वाटेने निघाले, की हिंगणघाट लागते आणि तेथून वर्धा जवळच. या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेस गेले. पाठीशी धन नव्हते. मोलमजुरी करीत त्यांनी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत शेतकीचे उच्च शिक्षण पुरे केले. गदर चळवळीच्या आरंभी ते होते, आणि पुढे मेक्सिकोत शेतकीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली. त्यांच्या विद्यार्थिदशेत कामाच्या तासांना सरकारी मर्यादा नव्हती. पण मजुराला संरक्षणही नव्हते. १९०७ साली त्याच वॉशिंग्टन राज्यात, बेलिंगहॅम येथे, लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या हिंदी मजुरांना जमावाने मारहाण करून गावाबाहेर हाकलले होते. ज्याला हिशेब विचारणारा कोणी नसतो, त्याची दाद घेणाराही कोणी नसतो, हे तेव्हा दिसून आले.

दुसरा मार्ग शिष्यवृत्तीचा. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना पोटासाठी मजुरी करावी लागली नाही. मिळालेला वेळ त्यांनी ग्रंथालयाला वाहिला. परंतु हे धनही अटींवाचून आलेले नव्हते. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता. १९१७ साली ते करारासाठी बडोद्यास आले, तेव्हा त्या विद्वानाला अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळाली नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला आणि १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुन्हा हाती घेतले. म्हणजे शिष्यवृत्ती संपली, तेव्हा त्यांनाही कमाई करूनच शिकावे लागले.

१९२२ साली अमेरिकेस गेलेल्या जयप्रकाश नारायण यांनी द्राक्षांच्या मळ्यांत काम केले, उपाहारगृहांत भांडी घासली आणि त्यावर शिक्षण केले. पण ते तेथे असतानाच वारे फिरले. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थी म्हणजे केवळ शिकण्याच्या हेतूने आलेला, अशी व्याख्या केली. पुढे महामंदी आली. लक्षावधी अमेरिकन बेकार झाले, आणि १९३२ साली तेथील मजूर खात्याने परदेशी विद्यार्थ्यांच्या मजुरीवर बंदी घालणारा नियम काढला. मर्यादेचा उगम येथे आहे. विद्यार्थ्याची प्रकृती अथवा परीक्षा सांभाळावी, हा त्या वेळचा हेतू नव्हता. आपल्या माणसांची कामे सांभाळावी, हा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विचारात दुसरा धागा मिसळला. १९४६ चा फुलब्राइट कायदा, १९४८ चा शैक्षणिक विनिमयाचा कायदा, १९५० चा भारत-अमेरिका करार आणि १९६१ चा व्यापक कायदा, यांनी विद्यार्थ्यांची देवघेव हे राष्ट्रांच्या मैत्रीचे साधन ठरविले. विद्यार्थी आता पाहुणा झाला. पाहुण्याने थोडे काम केले तर हरकत नाही, पण ज्यासाठी तो आला ते काम बुडू नये, असे धोरण रूढ झाले.

आजच्या नियमांत हे दोन्ही धागे दिसतात. साध्या विद्यार्थी परवान्यावर गेलेल्यास सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास वीस तास काम करता येते. सुटीत पूर्ण वेळ. मात्र त्या कामाने स्थानिक माणसाची जागा जाता कामा नये. विनिमय योजनेतील विद्यार्थ्यास तर काम धरण्यापूर्वीच जबाबदार अधिकाऱ्याची लेखी संमती घ्यावी लागते. त्याची अभ्यासातील प्रगती समाधानकारक असावी लागते, आणि ही संमती एका वेळी बारा महिन्यांपलीकडे जात नाही. नियम मोडला तर शिकण्याचा परवानाच धोक्यात येतो. मग गहाण टाकलेली जमीन कशाने सोडवावयाची?

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला आणि १९४७ साली साताऱ्यास त्यावर महाविद्यालय उभे केले. श्रम आणि विद्या यांत वैर नाही, हे त्यांनी सिद्ध केले. तथापि तेथे विद्यार्थी आपल्याच भूमीवर होता. परदेशात श्रमाची लाज बाळगावयाचे कारण नाही. भांडी घासूनही थोर माणसे घडली आहेत. पण खानखोज्यांच्या काळचे मोकळे रान आज उरलेले नाही, हेही ओळखले पाहिजे.

म्हणून मुलाला निरोप देताना आदिलाबादच्या बापाने दोन गोष्टी सांगाव्यात. खर्चाचा हिशेब त्या वीस तासांच्या कमाईवर बांधू नकोस. आणि काम कितीही हलके असो, लेखी परवानगी हाती पडल्यावाचून त्याला हात लावू नकोस.