सारंगखेड्याचा बाजार, महालक्ष्मीचे मैदान आणि कायद्याचे कुंपण

१/ मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर परवानाधारक खिडकीतून घोड्यावर पैसे लावणारा प्रेक्षक कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो. त्याच दुपारी त्याच घोड्यावर धुळ्याच्या वा जळगावच्या गल्लीत पैजा घेणारा मात्र जुगाराच्या गुन्ह्यात सापडतो. हा भेद कोठून आला?

२/ खानदेशाला घोड्याची पारख नवी नाही. तापीकाठच्या सारंगखेड्यास एकमुखी दत्ताच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या सुमारास, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते. आणि १९०६ पर्यंत धुळे व जळगाव मिळून खानदेश हा एकच जिल्हा होता.

३/ या बाजारातील जाणकार दात पाहून वय ठरवतो, अंगावरचे भोवरे तपासतो, चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी ओळखतो, घोडा रेवाल चालीने फिरवून पाहतो. मारवाडी असो वा काठेवाडी, किंमत ठरते ती प्रामुख्याने नजरेवर.

४/ मुंबईतील पारख कागदावर उतरली. तेथे टर्फ क्लब १८०२ मध्ये स्थापन झाला. शर्यती आधी भायखळ्यास होत. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे मैदान आले. प्रारंभी अरबी घोड्यांचा बोलबाला होता, पुढे ती जागा थरोब्रेडने घेतली. या इंग्रजी वंशाचे सर्व घोडे पितृकुळाने तीनच पूर्वजांपर्यंत पोहोचतात : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. त्यांची वंशावळ १७९१ पासून छापील नोंदवहीत आहे.

५/ शर्यतीपूर्वीचा अंदाज याच नोंदींवर उभा राहतो. मागील धावांत घोडा कितवा आला, अंतर किती होते, मैदान कोरडे होते की ओले, जॉकी कोण, पाठीवर वजन किती, हे सारे पाहिले जाते. हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्याला अधिक वजन देऊन सर्वांना बरोबरीत आणण्याचा प्रयत्न असतो. त्या वजनाने घोडा किती मंदावेल, हे ताडणे हीच अंदाज बांधणाऱ्याची खरी परीक्षा.

६/ टोटलायझर पद्धतीत सर्वांचे पैसे एकत्र जमा होतात. कर व क्लबचा वाटा वजा जाता उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. म्हणून ज्याच्यावर सर्वांचा भरवसा, तो घोडा जिंकूनही पदरात थोडेच पडते. घोडा ओळखणे पुरेसे नाही. इतरांचा अंदाज कोठे चुकला, हेही ओळखावे लागते.

७/ आता कायदा. मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. त्याच्या व्याख्येतच घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेला सूट मिळाली. अट अशी की ती परवाना असलेल्या मैदानावर, नेमून दिलेल्या आवारात व्हावी. मैदानांना परवाना देणारा कायदा १९१२ चा, पैजेवर कर बसवणारा १९२५ चा. पैज सरकारच्या नजरेखाली आली आणि तिजोरीत भर घालू लागली. गल्लीतल्या पैजेला ही वाट खुली नव्हती.

८/ दुसरी एक पैज थेट खानदेशाच्या पिकाशी जोडलेली होती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणाऱ्या व बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत सट्टा चाले. १९६० च्या दशकात त्याचीच जागा मटक्याने घेतली. जळगाव-धुळ्याचा शेतकरी कापूस हातात घेताच त्याचा धागा ओळखत असे. आकडा लावणाऱ्याला मात्र कापसाचे काहीच ठाऊक असण्याची गरज नव्हती.

९/ कौशल्य आणि नशीब यांतील हाच भेद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तमिळनाडूने १९७४ मध्ये घोड्यांच्या शर्यती व त्यांवरील पैजा बंद करणारा कायदा केला होता. १२ जानेवारी १९९६ रोजी, डॉ. के. आर. लक्ष्मणन खटल्यात, न्यायालयाने म्हटले की शर्यतीचा निकाल मुख्यतः घोड्याचा वेग व दम आणि जॉकीचे कसब यांवर ठरतो. म्हणून ती जुगार नव्हे.

१०/ या निकालाने कौशल्याला मान्यता दिली, परवान्याचे कुंपण मात्र कायम राहिले. धुळ्यातल्या माणसाने घोड्यांचा कितीही अभ्यास केलेला असो, आवाराबाहेर त्या अभ्यासाला कायद्याचे संरक्षण नाही. म्हणजे कायद्याने पारख तोलली खरी, पण आधी पाहिले ते पैसे कोणत्या खिडकीतून गेले हे.

११/ सारंगखेड्याच्या बाजारात पारख चुकली, तर शिक्षा वेगळी असते. चुकीच्या तिकिटाचा निकाल काही मिनिटांत लागतो. चुकीचा घोडा दावणीला बांधून त्याला वर्षानुवर्षे दाणा-वैरण घालावी लागते. म्हणूनच तेथील जाणकार पैसे मोजण्यापूर्वी घोडा आणखी एकदा फिरवून पाहतो.