बांधण्यात आला म्हणे!

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघातिघांनी फोन करून "बाई, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. तब्येत उत्तम आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते गेली पंधरा वर्षं कुरकुरतच आहेत. मी लेकीकडे गेले होते, ब्राझीलमध्ये, साओ पावलोला. परत आल्यावर थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, "काय पाहिलंस गं तिकडे?" मी म्हटलं, "दगड!" त्या हसल्या. पण खरंच, तीन महिन्यांत जे पाहिलं त्यातले दगडच जास्त लक्षात राहिले. त्यांच्याबद्दलच आज लिहिते.

साओ पावलोहून गाडीने पाचसहा तासांवर समुद्रकाठी एक जुनं गाव आहे. लिहिताना 'पाराती' लिहितात, पण तिकडची माणसं 'पाराची' म्हणतात. पांढऱ्या भिंतींची, रंगीत दारंखिडक्यांची घरं आणि दगडी गल्ल्या. मोठी भरती आली की समुद्राचं पाणी गल्ल्यांतून फिरून जातं. गावाच्या पाठीशी लगेच डोंगर उभा राहतो. त्याचं नाव 'सेरा दु मार', म्हणजे समुद्राचा डोंगर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घाट, मधे चिंचोळी पट्टी. मी जावयांना म्हटलं, "अहो, हे तर आपलं कोकणच!" ते म्हणाले, "आई, म्हणूनच तुम्हांला इथे आणलं."

या डोंगरातून एक जुनी वाट वर जाते. तिला म्हणतात 'कामिन्यु दु ओरू', सोन्याची वाट. त्या वाटेचा थोडा भाग आज गाईड बरोबर घेऊन चालता येतो. लेक म्हणाली, "आई, तू खाली धबधब्यापाशी बस." मी म्हटलं, चाळीस वर्षं मुलांना व्यापारी मार्ग नकाशात काढायला लावले, एका तरी मार्गावर पाय ठेवू दे. हातात काठी घेतली आणि निघाले.

आधी थोडा इतिहास सांगते, सवय जात नाही.

ही वाट मुळात तिथल्या गुआइआना आदिवासींची पायवाट. समुद्रकिनाऱ्यावरून डोंगर ओलांडून आतल्या पठारावर जाण्याची. पुढे 1690 च्या दशकात आतल्या भागात, आज ज्याला मिनास जेराइस म्हणतात तिथे, सोनं सापडलं. मग पोर्तुगीजांनी तीच पायवाट धरली. समुद्रापासून खाणींपर्यंत सातशे किलोमीटरच्या आसपास अंतर. खेचरांचे तांडे वर जाताना मीठ, कापड, हत्यारं, दारू घेऊन जायचे आणि खाली येताना सोनं. वर चालत जाणारी माणसंही असायची, पण ती आपल्या मर्जीने जात नव्हती. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली ती माणसं खाणींवर विकायला नेली जात.

सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा. म्हणून वाटेवर राजाची नाकी. आणि या वाटा किती जपायच्या, तर ऐका. आंतोनिल हे टोपणनाव घेऊन एका जेझुइट पाद्र्याने ब्राझीलच्या संपत्तीवर एक पुस्तक लिहिलं, खाणींकडे जाणाऱ्या मार्गांच्या वर्णनासह. ते 1711 मध्ये लिस्बनला छापलं गेलं आणि लगेच सरकारने जप्त केलं. परक्यांना वाट कळेल ही भीती! थोड्याच प्रती वाचल्या. इतिहासाच्या शिक्षिकेला यापेक्षा गोड गोष्ट कुठली? एका वाटेचं वर्णन केलं म्हणून पुस्तक गुन्हेगार ठरलं.

पुढे रिओहून खाणींकडे जवळचा नवा रस्ता झाला. पाराचीहून रिओपर्यंतच्या समुद्रात चाच्यांचं भय होतं, तेही टळलं. सोनं त्या रस्त्याने वळलं. एकोणिसाव्या शतकात जुन्या वाटेवरून कॉफी उतरू लागली. मग 1877 मध्ये रिओ आणि साओ पावलो रेल्वेने जोडले गेले, कॉफीही तिकडे गेली आणि पाराची झोपी गेलं. म्हणूनच ते टिकलं. 2019 मध्ये युनेस्कोने आजूबाजूच्या जंगलासकट त्याला जागतिक वारशाचा मान दिला.

तर आम्ही चालत होतो. आम्ही तिघं, माझा अकरा वर्षांचा नातू आणि गाईड. गाईड तिशीतला, सावळा, हसतमुख तरुण. तो पोर्तुगीज बोलणार आणि नातू मला मराठीत सांगणार. नातवाचं मराठी आणि माझं ऐकू येणं, दोन्ही यथातथाच, तरी आमचं छान जमलं.

जंगल म्हणजे काय वर्णावं! झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर शेवाळ. फांद्यांवर अननसाच्या तुऱ्यांसारखी रोपं बसलेली. मधूनच तळहाताएवढं निळं फुलपाखरू तरंगत जायचं. हे अटलांटिक किनाऱ्याचं वर्षावन. एके काळी ते ब्राझीलच्या जवळजवळ सगळ्या पूर्व किनाऱ्यावर होतं, आज त्यातलं बारा टक्क्यांच्या आसपास उरलंय. अशा जंगलात पायाखाली ओले, गुळगुळीत, ओबडधोबड दगड, एकमेकांत घट्ट बसवलेले. काही डोक्याएवढे, काही परातीएवढे. मी प्रत्येक पाऊल काठीने चाचपून टाकत होते.

एका वळणावर कोकणी माणसाने ओळखावं असं झाड दिसलं. फणस! बुंध्याला कुयऱ्या लगडलेल्या. गाईड म्हणाला, "जाका." पोर्तुगीजांनी हे झाड आपल्याकडून तिकडे नेलं आणि नावही मल्याळी 'चक्का'वरून घेतलं. आता तिथल्या जंगलात काही ठिकाणी ते इतकं माजलंय की मूळच्या झाडांना जागा देत नाही. बदल्यात तिथला काजू आपल्याकडे आला. 'काजू' हा शब्दही तिथल्या तुपी आदिवासींचा. आमच्या परड्यातले काजू मूळचे ब्राझीलचे, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे. पण तिथे फणसाच्या बुंध्याला हात लावला तेव्हा ते खऱ्या अर्थाने कळलं.

थोडं वर गेल्यावर दम लागला म्हणून बसले. इतक्यात जंगलातून टण्ण... टण्ण... असा आवाज यायला लागला. ऐरणीवर घण पडावा तसा. मी विचारलं, "इथे कोणी काम करतंय का?" गाईड हसला. तो 'आरापोंगा' नावाचा पांढरा पक्षी. तिकडे त्याला 'लोहार'ही म्हणतात.

मग गाईडने खाली बोट दाखवून विचारलं, "या फरशीला काय म्हणतात माहीत आहे?" 'पे जी मोलेकी'. नातू लगेच म्हणाला, "आजी, ती शेंगदाण्याची चिक्की असते ना, ती!" खरंच, तिकडे शेंगदाण्याच्या चिक्कीला हेच नाव आहे. दगड तसेच दिसतात, चिक्कीत दाणे बसवल्यासारखे. पण शब्दशः अर्थ होतो 'पोराचा पाय'. 'मोलेकी' हा शब्द अंगोलातून आणलेल्या लोकांच्या भाषेतला, पोरगा या अर्थाचा. मालक लोक काळ्या गुलाम पोरांना असं हाक मारायचे. गाईड म्हणाला, दगड मांडले की ही पोरं पायांनी ते दाबून बसवायची असं सांगतात. नावाची ही गोष्ट खरी की मागाहून जोडलेली, यावर वाद घालता येईल. पण दगड गुलामांनी बसवले, सतराव्यापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत, यावर वाद नाही.

नातवाने विचारलं, "त्यांची नावं काय होती?" गाईड म्हणाला, "कोणी लिहिली नाहीत."

मंडळी, त्या दगडावर बसल्या बसल्या मला माझा सातवीचा वर्ग आठवला.

साल 1980 च्या आसपास. आमच्या शाळेसमोरून डांबरी रस्ता व्हायचं काम चाललं होतं. कामावरच्या लोकांची पालं शाळेच्या मागच्या माळावर पडली होती. हेडसरांनी त्यांतल्या तीनचार मुलांना वर्गात घेतलं होतं. मी शिकवत होते, "1863 मध्ये बोरघाटातून रेल्वेमार्ग बांधण्यात आला." त्या मुलांतला एक उभा राहिला. "बाई, कुणी बांधला?" मी म्हटलं, "इंग्रजांनी." तो म्हणाला, "इंग्रजांनी दगड फोडले?" वर्ग हसला. बाहेर त्याचे आईबाप खडी फोडत होते, तो आवाज वर्गात येत होता. आणि मी काय म्हटलं? "बस खाली. ते परीक्षेला येत नाही."

त्याने मस्करी केली नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. रस्ता पुढे सरकला, पालं उठली. हजेरीत त्या मुलांच्या नावापुढे मी 'सतत गैरहजर' असा शेरा लिहिला, लाल शाईने.

आमच्या पुस्तकांत सगळं 'बांधण्यात' यायचं. घाट फोडण्यात आला, धरण उभारण्यात आलं. करणारा कोणी नाहीच. व्याकरणात मी मुलांना वाक्यातला कर्ता शोधायला लावायची, आणि पुढच्याच तासाला इतिहासात कर्त्याशिवायची वाक्यं पाठ करून घ्यायची!

आणखी एक गोष्ट. वसईची मोहीम मी फार रंगवून शिकवायची. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, मुलं टाळ्या वाजवायची. कारणांत एक ठरलेला मुद्दा : "पोर्तुगीज सत्ता दुबळी झाली होती." पण त्याच काळात, पाचव्या जोआंव राजाच्या कारकिर्दीत, लिस्बनला ब्राझीलच्या सोन्याची जहाजांमागून जहाजं लागत होती. त्यातून माफ्र्याचा प्रचंड राजवाडा आणि मठ उभा राहिला, 1717 मध्ये सुरू झालेला. इंग्लंडशी 1703 मध्ये तह झाला होता, त्यामुळे कितीतरी सोनं इंग्रजी कापडाच्या बदल्यात इंग्लंडला गेलं. म्हणजे वसईचा धनी कंगाल नव्हता. त्याचं सोनं आणि त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. आणि ते सोनं उपसणारे हात कोणाचे, हे वसईच्या धड्यात कशाला येईल? आज शिकवायचं झालं तर मी हे दोन धडे शेजारी ठेवीन.

उतरून आल्यावर खाली एका घरगुती खाणावळीत जेवलो. भात, काळ्या घेवड्याची उसळ आणि कसावाचं पीठ. बाईंनी लाकडी कोरीव पात्र आणून ठेवलं. मी नाव विचारलं. "गामेला." मी दचकलेच. आपलं घमेलं! हा शब्द त्यांच्याकडूनच आला आपल्याकडे. तिकडे ते लाकडाचं आणि स्वयंपाकघरातलं, आपल्याकडे लोखंडाचं आणि बांधकामावरच्या बाईच्या डोक्यावरचं. वस्तू बदलली, शब्द राहिला.

दुसऱ्या दिवशी गाईडने आग्रहाने आणखी एक जागा दाखवली. पाराचीपासून जवळच 'कांपिन्यु दा इंदिपेंदेंसिया' नावाची वस्ती आहे, पूर्वीच्या गुलामांच्या वंशजांची. ब्राझीलमध्ये जवळपास 48 लाख आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली, अमेरिकाखंडांत सर्वांत जास्त. गुलामगिरी संपली ती 1888 मध्ये. मळेवाले सोडून गेले, तेव्हा तीन बायका तिथेच राहिल्या आणि त्यांनी ही वस्ती वसवली असं लोक सांगतात. त्या जमिनीचे कागद वस्तीच्या नावावर व्हायला 1999 उजाडलं. मी विचारलं, "त्या बायकांची नावं?" तिथल्या एका आजीने लगेच, देवाचं नाव घ्यावं तशी सांगितली : आंतोनिका, मार्सेलिना, लुइझा.

नातवाने ती आपल्या वहीत लिहून घेतली. मला फार बरं वाटलं.

घरी परतल्यावर रात्री झोप येईना. त्या रस्त्यावरच्या मुलाचं नाव आठवायचा खूप प्रयत्न केला. डोळे आठवतात, शर्टाची तुटलेली गुंडी आठवते, प्रश्न तर शब्दन् शब्द आठवतो. नाव नाही आठवत. हजेरीत मीच माझ्या अक्षरात लिहिलं होतं ते. जुन्या शाळेत जाऊन हजेऱ्या मिळतात का, ते आता पावसाळा संपला की बघणार आहे. मिळेल की नाही, देव जाणे. तो आता पन्नाशी ओलांडून पुढे गेला असेल.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल आणि कोणाला आठवत असेल, तर जरूर कळवा. 'बस खाली' म्हटल्याबद्दल मला त्याची माफी मागायची आहे आणि सांगायचंय की बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता.

असो. फार लांबलं. फणसाच्या आठळ्या उकडत ठेवल्यात, त्या बघते.